पॅकेज तपासा, पण बेताबेताने

डेबियन या लिनक्स वितरणात तुमचं पॅकेज (बसवायला तयार केलेला प्रोग्रॅम) शिरलं, अभिनंदन. आता कोणीतरी हळूच सुचवेल की त्याला ऑटोपीकेजीटेस्ट, म्हणजे बसवलेल्या पॅकेजची आपोआप होणारी चाचणी, जोडा. घाबरू नका, जोडून टाका. टेस्ट असणं वेगळं आणि टेस्टला काही सापडणं वेगळं. मुरलेला मेंटेनर (पॅकेज सांभाळणारा) पहिल्यावरच समाधान मानतो.

व्यवस्था साधी आहे. सोर्सच्या, म्हणजे मूळ कोडच्या, डेबियन फोल्डरात टेस्ट्स नावाचा फोल्डर आणि त्यात कंट्रोल नावाची फाइल. कोणती टेस्ट चालवायची, तिला कोणती पॅकेजेस लागतात, अटी काय, हे त्या फाइलीत लिहायचं. मग डेबियनचं सीआय, म्हणजे टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा, एक कोरा कंटेनर, म्हणजे मशीनच्या आतला वेगळा केलेला कोपरा, उभा करतं (बहुतेकदा एलएक्ससी या साधनाचा), त्यात पॅकेज बसवतं, टेस्ट चालवतं आणि कंटेनर मोडून टाकतं. वापरणाऱ्याच्या मशीनवर बसलेलं पॅकेज खरंच चालतं का, एवढंच बघायचा हेतू. हेतू चांगलाच आहे, पण तुम्हाला तो अंगाला लावून घ्यायची गरज नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जागचं हलू नका. टेस्ट सुरू होते ती सोर्सच्या फोल्डरात. पॅकेज पायथॉनचं असेल आणि मॉड्यूल सोर्सच्या मुळाशीच पडलेलं असेल, तर तुमच्यासारखे नशीबवान तुम्हीच. ‘पायथॉन-थ्री -एम पायटेस्ट’ म्हटलं की पायथॉन आधी आपण उभे आहोत तिथेच शोधतो, त्याला सोर्समधली प्रत सापडते आणि तो खूश होतो. सिस्टीममध्ये बसवलेली प्रत डिस्ट-पॅकेजेस या फोल्डरात वाट बघत राहते, तिला कोणी विचारत नाही. काही चिकट लोक टेस्टच्या फाइली ऑटोपीकेजीटेस्टने दिलेल्या तात्पुरत्या फोल्डरात नेतात आणि तिथून चालवतात. त्यांना मग कळतं की टेम्प्लेटची फाइल पॅकेजमध्ये घालायचीच राहून गेली आहे. कशाला हवी ही उठाठेव? सोर्समध्ये ती फाइल आहेच की. नसलीच तर ती फक्त पॅकेज बसवणाऱ्यांच्या मशीनवर नाही.

आता त्याच कंट्रोल फाइलीतली डिपेंड्सची ओळ, म्हणजे टेस्टला लागणाऱ्या पॅकेजेसची यादी. तिथे नुसतं ॲटचं चिन्ह टाकलं तर या सोर्सपासून बनलेली पॅकेजेस बसतात आणि बाकी जे काही यायचं ते त्यांच्या स्वतःच्या डिपेंडन्सीतून (चालायला लागणाऱ्या इतर पॅकेजेसच्या यादीतून) येतं. हे धोक्याचं आहे, कारण तुम्ही एखादी डिपेंडन्सी लिहायला विसरला असाल तर टेस्ट तिथल्या तिथे कोसळते. त्यासाठीच शेजारी ‘बिल्डडेप्स’ घाला, आगेमागे ॲट लावून. म्हणजे पॅकेज बांधताना लागलेला सगळा लवाजमा कंटेनरात उतरतो आणि विसरलेली डिपेंडन्सी त्या गर्दीत आपोआप हजर असते. पाहुणे यायच्या आधी शेजारच्यांच्या खुर्च्या आणून मांडल्या, की आपल्या घरात किती आहेत हे कोणी मोजत नाही.

मग त्याच फाइलीतल्या रिस्ट्रिक्शन्स, म्हणजे अटी. इथे खरा कलावंत दिसतो. या अटी प्रामाणिक माणसांनी प्रामाणिक कामासाठी केल्या आहेत, त्यामुळे गैरवापराला अगदी सोयीच्या आहेत. नियमाप्रमाणे टेस्टने स्टँडर्ड एररवर (चुका आणि इशारे छापायच्या वाटेवर) एक अक्षर जरी छापलं तरी ती नापास होते. ‘अलाउ-एसटीडीइआरआर’ लिहा आणि इशाऱ्यांचा पूर वाहू द्या. ‘स्किपेबल’ लिहिलं तर सत्याहत्तर या एक्झिट कोडवर (संपताना टेस्ट परत देते तो आकडा) टेस्ट अदबीने वगळली जाते. स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत तो कोड फेकला तर वीजही वाचते. फाइल वाचायची परवानगी नसेल तर प्रोग्रॅम नीट कुरकुरतो का, अशी शंका मनात आलीच, तर ‘नीड्स-रूट’ लावा, म्हणजे टेस्ट रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने चालते. रूटला सगळंच वाचता येतं, शंका मिटली.

‘आयसोलेशन-मशीन’ मात्र माझं लाडकं. कंटेनर ज्या मशीनवर चालतो त्या होस्टचाच कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) वापरतो. त्यामुळे ज्या टेस्टला कर्नल मॉड्यूल चढवायचं आहे किंवा मशीन रीबूट करायचं आहे, तिने पूर्ण व्हर्च्युअल मशीन मागावं, म्हणून ही अट. जिथे कंटेनरच आहे तिथे अशी टेस्ट चालतच नाही. तुमचं पॅकेज सीएसव्ही या साध्या तक्त्याच्या फाइलीतल्या ओळी मोजतं? मागा पूर्ण मशीन. मागणी भव्य असली की पूर्ण न होण्याची खात्री वाढते.

‘सुपरफिशियल’पासून मात्र सावध राहा. ही टेस्ट वरवरची आहे, असं स्वतःहून कबूल करण्यासाठी ती अट आहे. सगळ्याच टेस्ट वरवरच्या निघाल्या तर निकाल ‘न्यूट्रल’ लागतो आणि बक्षीस जातं. बक्षीस म्हणजे काय, तर अनस्टेबल या नव्या पॅकेजेसच्या शाखेतून टेस्टिंग या पुढच्या शाखेत जाताना पॅकेजला साधारण पाच दिवस थांबावं लागतं, आणि टेस्ट पास असेल तर त्यातले तीन माफ होतात. तेव्हा नुसतं ‘व्हर्जन’ विचारून परतणारी टेस्ट लिहा आणि कबुलीची ओळ तेवढी गाळा.

इतकं करूनही टेस्ट लाल, म्हणजे नापास, झालीच तर? मग ती पहिल्यापासून लाल असू द्या. या स्थलांतराचा हिशेब ठेवणारा ब्रिटनी नावाचा प्रोग्रॅम आधी पास असलेली टेस्ट आता नापास झाली की पॅकेज अडवतो. टेस्टिंगमध्येही ती नापासच असेल तर त्याला रिग्रेशन (आधी चालणारं बिघडणं) म्हणत नाहीत. जी कधी पास झालीच नाही, तिच्यामुळे कोणाचं अडत नाही.

कंटेनरचं घड्याळ बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असतं, तेही तसंच राहू द्या. तुमच्या कोडने स्थानिक वेळ आणि यूटीसी यांची खिचडी केली असली तरी कंटेनरात दोन्ही एकच, काही दिसत नाही. पुण्यातल्या एखाद्याला मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत बिलावर कालची तारीख दिसेल. त्या वेळी त्याने झोपायला हवं.

तरी तो बग नोंदवेलच. त्याला लगेच ‘मोअरइन्फो’चा (आणखी माहिती हवी) टॅग लावा आणि टाइमझोन सोडून बाकी सगळं विचारा. त्याने चिकाटीने उत्तरं दिली, तर तोच कंटेनर पुन्हा उभा करा, तोच लवाजमा उतरवा, त्याच फोल्डरात उभे राहून चालवा, आणि ‘अनरिप्रोड्यूसिबल’ (आमच्याकडे दिसत नाही) लावून मोकळे व्हा. लॉगही जोडा, अख्खा.