बाळंतविडा कोणासाठी? फिरत असलेल्या यादीला माझं उत्तर

गेल्या महिन्याभरात एकच यादी माझ्या फोनवर चार ठिकाणांहून आली. भिशीच्या गटातून, सोसायटीच्या गटातून आणि दोनदा नातेवाइकांकडून. ‘बाळंतिणीला बघायला जाताना काय न्यावं’ असं तिचं शीर्षक. तिचं म्हणणं थोडक्यात असं: भेट बाळाचीच न्यावी, आईला घरून सगळं मिळतं. दुधाच्या पावडरचा डबा आणि बाटली द्यावी, म्हणजे आईला रात्री झोप मिळते. मध, घुटी, काजळ पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, ते निर्धास्त द्यावं. लाडू न्यावेत, फळं नेऊ नयेत. शेगडी आणि पोटपट्टा उपयोगी पडतो. आणि पहिल्याच आठवड्यात जाऊन यावं.

मी नाशिकमध्ये सव्वीस वर्षं प्रसूती विभागात परिचारिका होते. ही यादी वाईट हेतूनं लिहिलेली नाही, हे मला कळतं. पण हीच यादी पिशवीत घेऊन आलेली माणसं मी वर्षानुवर्षं वॉर्डात बघितली आहेत, म्हणून गप्प बसवत नाही.

पहिला मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला. भेट बाळाचीच, आईला काही लागत नाही. माझ्या भाचीचं बाळंतपण डिसेंबरात झालं. माहेरी, इंदिरानगरला, माझ्या बहिणीकडे. बारशानंतर आम्ही आलेल्या वस्तू लावायला बसलो. झबली-टोपड्यांचे अकरा जोड, सगळे अगदी तान्ह्या मापाचे. बाळासाठी स्वेटर पाच. खुळखुळे, मच्छरदाणी, एक वॉकर. आईसाठी एक जरीची साडी, जी अंगावर पाजणारी बाई नेसूच शकत नाही. मी घड्या घालत होते आणि भाची हळूच म्हणाली, “मावशी, तू अर्धा तास याला धरशील का? मला डोक्यावरून अंघोळ करायचीय. चार दिवस झाले.”

बाळंतिणीच्या अंगाचं काय झालेलं असतं, ते मोकळेपणानं सांगते. रक्तस्राव चार ते सहा आठवडे चालू राहतो, पहिले काही दिवस तर भरपूर. टाके असतात, खालचे किंवा पोटावरचे. दूध गळून कपडे ओले होतात, रात्री घाम येतो. तिला पुढून उघडणारे सुती गाऊन लागतात आणि एकानं भागत नाही, दिवसाला दोन-तीन बदलावे लागतात. मेन रोडला असे गाऊन सहज मिळतात. मोठे पॅड लागतात. टाक्यांवर काचणार नाहीत अशी, कंबरेच्या वरपर्यंत येणारी सुती अंतर्वस्त्रं लागतात. ही भेट द्यायला लाज वाटते म्हणून कुणी देत नाही. बहीण, मावशी, जवळची मैत्रीण यांनी ती लाज सोडावी. एका हातानं उघडता येईल अशी पाण्याची बाटली द्या, लांब वायरचा चार्जर द्या. आणि नाशिकच्या थंडीत, निफाडचा पारा पार खाली गेल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत, पहाटे तीनला उठून पाजत बसणाऱ्या बाईला पुढून बटणं असलेला स्वेटर आणि पायमोजे द्या. बाळासाठी पाच स्वेटर आलेल्या त्या घरात आईसाठी एकही आला नव्हता.

बाळालाच द्यायचं असेल तर थोडं मोठ्या मापाचं द्या. निरोगी बाळाचं वजन पाचव्या महिन्याच्या आसपास जन्माच्या दुप्पट होतं, तान्ह्या मापाची झबली तोवर कधीच लहान झालेली असतात. वॉकर तर नकोच. त्यानं मूल लवकर चालत नाही, उलट पायरीवरून पडतं. कॅनडानं २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली.

‘बाळंतविडा’ हा शब्दच बघा ना. विडा बाळंतिणीचा. बाळाच्या कपड्यांबरोबर तिच्यासाठी लुगडं, खण देण्याची रीत होती. परंपरेचं नाव घेणारी यादी नेमकी तीच विसरली आहे.

आता पावडरचा डबा. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण नुकसान इथे सगळ्यात जास्त होतं आणि ते दिसत नाही.

बाळ जितकं ओढतं, तितकं दूध तयार होतं. पहिले दोन-तीन दिवस चीक येतो, तोही थोडासाच. पण बाळाचं पोटही तेवढंच असतं, आणि तो चीक म्हणजे बाळाचं पहिलं संरक्षण. त्यानंतर तान्हं बाळ दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पितं. रडणं, पुन्हा मागणं, संध्याकाळी सारखं चिकटून राहणं, हे सगळं नेहमीचंच. अशा वेळी तिसऱ्या-चौथ्या रात्री, टाके दुखत असताना, कपाटावर डबा दिसतो. कुणीतरी म्हणतं, “पुरत नसेल गं.” एक बाटली दिली जाते, बाळ चार तास झोपतं, तेवढ्या वेळात छाती रिकामी होत नाही आणि दुसऱ्या दिवशी दूध खरंच कमी येतं. भेट म्हणून आलेला डबा असा आपली गरज स्वतःच तयार करतो. शिवाय ती बाटली प्रत्येक वेळी धुवायची, उकळायची. ते काम कोणाच्या वाट्याला येतं? झोपेसाठी आणलेली वस्तू झोपच खाते.

दूध पुरतंय का, हे ओळखायची साधी खूण आहे. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान सहा वेळा लंगोट ओला झाला आणि दोन आठवड्यांत बाळ जन्माच्या वजनावर परत आलं, तर पुरतंय.

आपल्या देशात १९९२ साली यावर कायदा झाला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक केला गेला. त्यानुसार कंपन्यांना बाळाच्या दुधाच्या पावडरची आणि बाटल्यांची जाहिरात करता येत नाही, आईला फुकट नमुने वाटता येत नाहीत. तुम्ही-आम्ही डबा विकत आणून दिला तर गुन्हा होत नाही. पण कंपनीला जे करू दिलं जात नाही ते काम आपण प्रेमापोटी का करावं?

काही बाळांना पावडर लागते. आई आजारी असते, बाळ फार लहान असतं, इतरही कारणं असतात. तेव्हा डॉक्टर सांगतात, आणि वाटी-चमच्यानं ती देता येते. अशी आई कुठेही कमी पडलेली नसते, हे मी कित्येक रडणाऱ्या मुलींना जवळ घेऊन सांगितलंय. पण तो निर्णय त्यांचा आणि डॉक्टरांचा. तो भेटीच्या कागदात गुंडाळून नेऊ नका. झोपच द्यायची असेल तर पाजून झाल्यावर बाळाला खांद्यावर घ्या, ढेकर काढा, लंगोट बदला आणि दोन तास दार लोटून घ्या.

मध, घुटी, काजळ. मधात असे सूक्ष्म जीव असू शकतात जे वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात. बाळ ढिलं पडतं, श्वास अडकू शकतो. म्हणून वर्षाच्या आत मधाचं बोटही नाही. घुटी आणि ग्राईपवॉटरचीही गरज नाही. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. काजळात शिसं असू शकतं आणि बोटावरचे जंतू डोळ्यात जातात. तीट लावायचीच असेल तर तळपायाला लावा.

लाडवांबद्दल यादी अर्धी बरोबर आहे. डिंकाचे, हळिवाचे लाडू चांगलेच. पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. पण प्रत्येक जण लाडूच आणतो. त्या घरात चार डबे होते, आणि दुपारी एक वाजता गरम भाकरी मात्र नव्हती, कारण बहिणीचे गुडघे दुखत होते आणि जावई सुट्टी संपवून सातपूरच्या कंपनीत कामावर रुजू झाले होते. जेवणाचा डबा न्या. वरण, उसळ, पालेभाजी. घरच्या इतरांनाही पुरेल एवढा, म्हणजे त्यांचा स्वयंपाक वाचतो.

फळं नकोत हे मात्र साफ चूक. द्राक्षाच्या नाशिकमध्ये बाळंतिणीला द्राक्षं देत नाहीत, पेरू देत नाहीत, का तर बाळाला सर्दी होईल. सर्दी विषाणूंनी होते, आईनं खाल्लेल्या फळानं नाही. स्वच्छ धुऊन खुशाल द्या. आणि बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाची आणि कॅल्शियमची गोळी घ्यायची असते, तिची आठवण ठेवणारं माणूस व्हा. लोहाची गोळी चहाबरोबर नको, कॅल्शियमबरोबर नको, लिंबू पिळलेल्या जेवणानंतर उत्तम.

शेगडीचं थोडक्यात सांगते. बंद खोलीत कोळसे पेटवले की कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला ना वास ना रंग, आणि त्यात माणसं मरतात. ओवा-बाळंतशेपेचा धूरही बाळाच्या छातीला चांगला नाही. ऊब गरम पाण्याच्या पिशवीनं मिळते. पोटपट्ट्यानं चरबी उतरत नाही. सिझेरियननंतर आधार म्हणून डॉक्टरांनी सांगितला तर वापरावा.

राहिला पहिल्या आठवड्यात जाण्याचा मुद्दा. कृपा करून जाऊ नका, बोलावलं तरच जा. गेलात तर हात धुवा, बाळाचा पापा घेऊ नका, सर्दी-खोकला असेल तर फोन करा, आणि चहाची वाट न बघता पंधरा मिनिटांत उठा. बाळ कोणावर गेलंय यापेक्षा ‘तू कशी आहेस?’ हे आधी विचारा आणि उत्तर ऐकून घ्या. पहिल्या आठवड्यात विनाकारण रडू येणं बऱ्याच जणींना होतं, ते आपोआप ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही उदासी राहिली, झोपायची संधी असूनही झोप येईना, बाळाबद्दल किंवा स्वतःबद्दल भलते विचार येऊ लागले, तर डॉक्टरांकडे घेऊन जा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं. तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, ताप, एकाच पायाला सूज आणि दुखणं, डोळ्यांसमोर अंधारी येईल इतकी डोकेदुखी, यांपैकी काहीही दिसलं तर उद्यावर ढकलू नका.

यादीत नसलेली एक गोष्ट मी घालते. पाकीट बाळाच्या मुठीत न ठेवता आईच्या हातात द्या, तिच्या मनाप्रमाणे खर्च करायला. किंवा मालीशवाल्या बाईंचे दहा दिवसांचे पैसे परस्पर देऊन टाका.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीचं सिझेरियन मागच्या शुक्रवारी झालं. सासर-माहेर दोन्ही लांब. आम्ही सहा घरांनी वार वाटून घेतलेत आणि कागद तिच्या फ्रीजवर लावलाय. गुरुवारचा डबा माझा: बाजरीची भाकरी, मुगाची उसळ, शेपूची भाजी, आणि एक लिंबू. डबा ठेवून तासभर बाळाला घेऊन बसणार आहे. पाणी तापवून ठेव, असं तिला आत्ताच कळवलंय.