एलेन द कूनिंग नवऱ्याच्या आडनावावर मोठी झाली? जरा थांबा

सध्या एक दावा फार शेअर होतोय: अमेरिकन चित्रकार एलेन द कूनिंग म्हणजे फक्त प्रसिद्ध चित्रकार विलेम द कूनिंगची बायको, आडनावामुळे नाव झालं, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडींचं पोर्ट्रेटही त्याच ओळखीवर मिळालं, आणि तिला चेहरे जमत नव्हते म्हणून ती ते पुसून टाकायची. वाचून खरंच राग आला.

आधी जे खरं आहे ते. 1938 मध्ये दोघं भेटले, तिने त्याच्याकडे ड्रॉइंगचे धडे घेतले, तो फार कडक मास्तर होता. 1943 ला लग्न. पण म्हणून त्याच्या जिवावर मोठी झाली असं होत नाही ना.

आडनावाचं म्हणाल तर 1948 मध्ये ती आर्टन्यूज मासिकात लिहायला लागली, त्याच वर्षी विलेमचं पहिलं एकल प्रदर्शन झालं, घरात पैशाची ओढाताण होती, म्हणजे आडनावाला तेव्हा कसलं वजन? आणि लिहायची कशी, तर थेट स्टुडिओत जाऊन. हान्स हॉफमन चित्र कसं उभं करतो, डेव्हिड स्मिथ शिल्प कसं घडवतो, हे सगळं कामाच्या अंगाने. स्वतः ब्रश धरणाऱ्या माणसालाच असं लिहिता येतं.

आता केनेडी. 1957 च्या सुमारास नवरा-बायको वेगळे राहायला लागले होते, हे काम आलं 1962 मध्ये, माजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या नावाच्या लायब्ररीकडून. ती झपाट्याने पोर्ट्रेट करते अशी ख्याती होती. डिसेंबरअखेर ती केनेडींना रंगवायला फ्लोरिडात पाम बीचला गेली, तर हा माणूस एका जागी स्थिर बसेचना, फायली, फोन, माणसं, मग तिने भराभर स्केचेस काढली, आणि न्यूयॉर्कला परतल्यावर 1963 चं जवळजवळ सगळं वर्ष केनेडींमागेच लागली, पेपरमधले फोटो बघून, टीव्ही बघून, मोठमोठे कॅनव्हास, शिडीवर चढून. नोव्हेंबरमध्ये त्यांची हत्या झाली आणि तिने जवळपास वर्षभर रंगवणंच बंद केलं. ओळखीने मिळालेलं काम उरकणारी बाई असं करेल?

चेहऱ्यांचा आरोप तर सगळ्यात चुकीचा. कवी फ्रँक ओहाराचं 1962 चं पोर्ट्रेट बघा. चेहरा तिने आधी नीट रंगवला होता, मग मुद्दाम पुसला, कारण तो गेल्यावर फ्रँक जास्त फ्रँकसारखा दिसायला लागला असं तिचं म्हणणं. आणि पटतं हो. आपणही गल्लीच्या टोकावरून येणारा माणूस चालीवरूनच ओळखतो, नाक-डोळे दिसतात कुठे. त्या चित्रात उभं राहण्याची ढबच सगळं सांगते.

शिवाय बुलफाइटची चित्रं, फ्रान्समधली लास्कोची आदिम गुहा बघून आल्यावर केलेली गुहाचित्रांची मालिका, यात विलेम कुठे आहे ते दाखवा. तिच्या पोर्ट्रेट्सचं वेगळं प्रदर्शन वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने 2015 मध्ये भरवलं होतं, तेही फक्त तिच्या एकटीच्या कामाचं.