पाणंदीच्या भांडणावर विलायती उतारा?

शेतरस्ता किमान तीन-चार मीटर रुंद असावा आणि सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात त्याची नोंद व्हावी, असा निर्णय महाराष्ट्र सरकारने मे २०२५ मध्ये काढला. तेव्हापासून आमच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाणंदीखेरीज दुसरा विषय नाही. वाळव्याचे चुलते नकाशे टाकतात, पुण्यातले भाऊ कायदा शिकवतात आणि कुणीतरी हमखास लिहितं, ‘इंग्लंडात बघा, शेतातनं वाटा कशा मोकळ्या!’ मग साक्षीला मी.

मी त्या वाटांवरच वाढले. बाबा श्रॉपशरमधल्या एका खेड्यात फॅमिली डॉक्टर होते. शाळेची जवळची वाट गव्हाच्या शेतातून होती. खांबावर पिवळा बाण, कुंपण ओलांडायला लाकडी पायरी, पुढे पिकातून एका माणसापुरता सरळ पट्टा. ओला गहू पायांना घासून मोजे भिजायचे, म्हणून आई डब्यासोबत कोरडी जोडी द्यायची.

एका उन्हाळ्यात आजोबा आले आणि त्या पायरीशीच अडले. “दुसऱ्याच्या उभ्या पिकातनं जायचं? मालक काय म्हणंल?” मालक ट्रॅक्टरवरून आला, हात वर केला, निघून गेला. गावी आजोबांचा शेजारी दर नांगरटीला बांध कोरायचा. बैलगाडीची पाणंद सायकलीपुरती उरली होती.

तो हात काही मोठ्या मनाने वर झाला नव्हता. १९४९ च्या कायद्याने तिथल्या कौंटी परिषदांना सार्वजनिक वाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले. नकाशात वाट असली की ती आहे, वाद संपला. शेताच्या मधून जाणारी पायवाट पेरणीसाठी नांगरता येते, पण १४ दिवसांत निदान एक मीटर रुंद पुन्हा करून द्यावी लागते. नाही दिली तर परिषद करून घेते आणि खर्च मालकाकडून वसूल करते.

ग्रुपवर न सांगितली जाणारी बाजू वेगळीच आहे. ती वाट चालायची आहे, उसाच्या ट्रॉलीची नाही. तीनशे एकरवाल्याला मीटरभर पट्ट्याचं काय? आमच्याकडे वीस गुंठ्यांच्या चौकोनी तुकड्यातून चार मीटर काढले तर पावणेदोन गुंठे जातात. त्याचा मोबदला कोण देणार, ते आधी बोला. शिवाय अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत तिथल्या पार्लमेंटने कायदे करकरून गावांची गायरानं जमीनदारांच्या घशात घातली. वाटा हे त्यातून उरलेलं. १९३२ मध्ये किंडर स्काउटच्या डोंगरावर हक्काने चालायला गेलेल्यांपैकी काहींना तुरुंग दाखवला होता.

आणि नकाशा आपल्याकडेही आहेच की. गाव नकाशात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने असते. वाट अडवली तर मामलेदार न्यायालय कायदा १९०६ पासून आहे. पण अर्ज, पंचनामा, मोजणी, बंदोबस्त हे सगळे हेलपाटे अडलेल्याने मारायचे. अडवणारा निवांत घरी. माझ्या मते घ्यायचं असेल तर इंग्लंडकडून हे घ्यावं: मोडेल त्यानेच, ठरल्या मुदतीत, स्वखर्चाने वाट करून द्यायची.

चुलत्यांना लिहिलं, नोंदीत नुसती रुंदी नको, मोडली तर किती दिवसांत आणि कुणी करून द्यायची तेही मागा. त्यावर एकाचाही अंगठा आलेला नाही. पोकलेन कधी येणार, यावर मात्र चाळीसेक मेसेज झाले.