समुपदेशन पोराचं, मग ध्येय कुणी ठरवायचं?

"मॅडम, तेवढं डोळ्यात बघून बोलायला शिकवा. बाकी पोरगं सोन्यासारखं आहे." माझ्याकडं येणाऱ्या कित्येक आयांचं हे पहिलं वाक्य असतं. मी कोल्हापुरात राजारामपुरीत समुपदेशन करते. ऑटिझम (माणसांत मिसळणं, बोलणं, आवाज-उजेड सोसणं वेगळ्या तऱ्हेनं होतं), एडीएचडी (लक्ष टिकवणं, एका जागी बसणं जड जातं) असलेली मुलं येतात, हल्ली नोकरीधंद्यातली मोठी माणसंही येतात. काही जणांना झोंबेल, पण माझं मत आधीच सांगून टाकते. समोर जो बसलाय त्याला न विचारता ठरवलेलं ध्येय मी घेत नाही. फी कुणीही भरत असो.

डोळ्यांचंच घ्या. ऑटिझम असलेले अनेक जण सांगतात की समोरच्याच्या डोळ्यात बघायला लागलं की त्याचं बोलणं डोक्यात शिरत नाही. म्हणजे एक तर बघणं होतं, नाहीतर ऐकणं. आपण बघायला लावतो आणि वर तक्रार करतो की याचं लक्ष नसतं!

ओळख पटू नये इतपत तपशील बदलून एक उदाहरण सांगते. अकरावीतला मुलगा. आईची यादी लांबलचक होती: नजर, नमस्कार, पाहुण्यांपुढं बसणं. तो आला, खुर्ची सोडून खाली सतरंजीवर बसला आणि ट्यूबलाईटकडं बघून तोंड वाकडं केलं. तिचा चोक जुना, बारीक गुणगुणतो. मला तो ऐकूच येत नव्हता. ट्यूब बंद केली, खिडकी उघडली. मग विचारलं, "आपण दोघांनी मिळून कशावर काम करायचं?" उत्तराला बराच वेळ लागला. (अशा वेळी गप्प बसणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम.) शेवटी भिंतीकडं बघत म्हणाला, "शाहू स्टेडियमवर मॅच बघायचीय. दादाबरोबर."

पेठांच्या तालमींच्या संघांची फुटबॉल मॅच म्हणजे काय दणका असतो हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. पोराला संघ, निकाल, कुणी कधी गोल मारला, सगळं तोंडपाठ. गोल झाल्यावर उठणारा कल्लोळ तेवढा सोसत नव्हता. कागद घेतला, मधोमध रेघ मारली. एका बाजूला त्रास त्यानं लिहिले, दुसऱ्या बाजूला उपाय दोघांनी. कान झाकणारे हेडफोन मी सुचवले. गेटजवळची कडेची जागा त्यानं. दादाचा हात दोनदा दाबला की काही न विचारता बाहेर पडायचं, हेही त्याचंच. दीर्घ श्वासाचा माझा उपाय त्यानं सरळ खोडला: "त्यानं मला उलट जास्त कळतं की मी घाबरलोय." मध्यांतराला दोघं बाहेर पडले. पुढच्या खेपेला त्याच कागदावर दोन गोष्टी बदलल्या.

"असे लाड केले तर जग काय याच्यासाठी बदलणार आहे?" हे ऐकवायला प्रत्येक घरात एक काका असतातच. काका, जगाचं राहू दे, घरातली ट्यूब तरी बदलता येते की.

आणि दोष सगळा पोराच्याच बाजूला आहे हे तरी कुणी ठरवलं? डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश अभ्यासकानं 2012 मध्ये मांडलं की ऑटिस्टिक आणि इतर माणसांतली ही एकमेकांना न समजण्याची अडचण दुतर्फा असते. पुढं 2020 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला, अगदी आपल्या कानगोष्टींसारखा. एकानं दुसऱ्याला गोष्ट सांगायची, त्यानं तिसऱ्याला. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच शाबूत पोचली. जास्त गळती झाली ती मिसळलेल्या साखळीत. हे वाचल्यापासून 'संवादकौशल्य' शिकवायला मी घरच्यांनाही बसवते. पोरापेक्षा बाबांना जड जातं, हा माझा अनुभव.

आता दुसरं टोक. 'मेंदू वेगळाच आहे, काही करू नका' असंही लोक सांगतात. ते मला पटत नाही. झोप उडालीय, पोरगं स्वतःला मारून घेतंय, उदासीत बुडालंय, तर उपचार हवेतच. एडीएचडीत औषधांचा पुष्कळांना चांगला उपयोग होतो. मनोविकारतज्ज्ञांकडं मी बिनदिक्कत पाठवते. फक्त गोळी कशासाठी, ती घेतल्यावर कसं वाटतं, हेही त्यालाच विचारायचं.

कागदपत्रांचंही बघा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आणि अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणितात येणारी खास अडचण) आहेत. एडीएचडीचं नाव तिथं स्वतंत्र नाही, त्यामुळं त्या पालकांची जास्त धावपळ होते. अध्ययन अक्षमता असेल तर दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. 'शिक्का बसेल' म्हणून त्या सोडणारी घरं बघून जीव तुटतो.

समुपदेशक निवडताना फार चौकशी नको. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते विचारा. आणि विचारा, "माझ्या मुलानं एखादा उपाय नको म्हटलं तर तुम्ही काय करता?" उत्तर पोराच्या देखत द्यायला लावा.