अपुऱ्या दिवसांचं बाळ, इंग्लंडची शाळा आणि ‘चार पूर्ण झाली की घालावंच लागतं’

इंग्लंडमधल्या आपल्या पालकांत एक समज घट्ट बसलाय: चार पूर्ण झाली की सप्टेंबरात रिसेप्शनला (शाळेचा पहिला वर्ग) घालावंच लागतं, थांबलात तर मूल थेट इयर वनमध्ये (त्याच्या पुढचा वर्ग) बसतं, आणि बाळ अपुऱ्या दिवसांचं होतं याच्याशी शाळेला देणंघेणं नसतं.

एक बाळ समोर धरू. डॉक्टरांनी दिलेली तारीख १० सप्टेंबर २०२३, जन्म मात्र ४ जुलैला. जवळपास दहा आठवडे आधी.

‘घालावंच लागतं’ हे चूक. शाळा सक्तीची होते ती पाच पूर्ण झाल्यानंतर येणाऱ्या ३१ डिसेंबर, ३१ मार्च किंवा ३१ ऑगस्टपासून. १ एप्रिल ते ३१ ऑगस्टमध्ये जन्मलेल्यांना यांतली ३१ ऑगस्ट लागू. म्हणजे या बाळाची रिसेप्शनची नेहमीची पाळी सप्टेंबर २०२७ मध्ये येते, पण सक्ती सप्टेंबर २०२८ पासून. तोवर अर्धवेळ पाठवायचीही मुभा आहे.

‘थेट इयर वन’ हे अर्धं खरं, म्हणून जास्त घातक. नुसतं घरी ठेवलंत तर तसंच होतं. शिवाय इयर वनमध्ये जागा उरलेली असायला हवी. ते टाळायला वयोगटाबाहेरच्या प्रवेशाची, म्हणजे वर्षभर उशिरा येऊनही रिसेप्शनलाच घ्या अशी, लेखी विनंती लागते. १५ जानेवारी २०२७ पर्यंत नेहमीचा अर्ज भरा आणि सोबतच ही विनंती द्या. १६ एप्रिलला जागा जाहीर होतात, त्याआधी होकार आला तर पहिला अर्ज मागे घ्यायचा आणि १५ जानेवारी २०२८ पर्यंत नवा भरायचा. नकार आला तर हातात २०२७ ची जागा तरी असते. पहिला अर्जच न भरणारे इथे अडकतात.

होकार म्हणजे जागा नव्हे, फक्त वर्ग ठरतो. पुढच्या वर्षी अंतर, भावंडं वगैरे निकष सगळ्यांसारखेच लागतात. वय जास्त म्हणून मागे मात्र ढकलता येत नाही. आणि काउन्सिलचा (स्थानिक प्रशासनाचा) होकार सगळीकडे चालत नाही: ॲकॅडमीचा (काउन्सिलच्या हाताखाली नसलेली सरकारी खर्चाची शाळा) निर्णय तिचा ट्रस्ट घेतो, चर्चच्या बऱ्याच शाळांत गव्हर्निंग बॉडी. यादीतल्या प्रत्येक शाळेचं उत्तर वेगळं मागा, लेखी.

तिसरा मुद्दा तर सरळ उलटा. पूर्ण दिवसांनी जन्मलं असतं तर मूल खालच्या वर्गात गेलं असतं का, हे बघायचं असं प्रवेशाच्या नियमावलीतच लिहिलंय. वर्ग बदलतो तो १ सप्टेंबरला: आपलं बाळ त्याच्या अलीकडे आलं, दिलेली तारीख पलीकडची. विनंतीच्या पहिल्या वाक्यात या दोन्ही तारखा लिहा. सोबत डिस्चार्जचा कागद (किती आठवड्यांना जन्म ते त्यावर असतं), हेल्थ व्हिजिटरची (लहान मुलांची वाढ बघणारी नर्स) दोन वर्षांची तपासणी आणि नर्सरीच्या नोंदी. पैसे मोजून खास अहवाल करून आणायची गरज नाही. दिलेली तारीख जूनमधली असेल तर हा मुद्दा टिकत नाही. मग बोलणं, शौचाची सवय, दिवसभराचा थकवा यांवरच भर द्या.

उलट टोकाचा सल्लाही ऐकू येतो, की अपुऱ्या दिवसांच्या प्रत्येक मुलाला थांबवावं. तेही पटण्यासारखं नाही. चांगलं बोलणारं, नर्सरीत रमलेलं मूल वर्षभर उगाच मागे का ठेवायचं?

नकारावर अपील नसतं, तक्रार करता येते. आणि सेकंडरीला जाताना हीच विनंती नव्या शाळेकडे पुन्हा करावी लागते, म्हणून होकाराचं पत्र फाइलला लावून ठेवा.