सोरायसिस पसरत नाही, मलम पसरतं

सोरायसिस संसर्गजन्य नाही, हे वाक्य मी इतक्या लोकांना ऐकवलंय की समोरच्याची नजर माझ्या कोपराकडे वळली की ते आता आपोआपच तोंडातून बाहेर पडतं. हात मिळवा, शेजारी बसा, काही होत नाही. आपलीच प्रतिकारशक्ती नको तिथे उत्साह दाखवते, आणि कातडीच्या ज्या पेशींनी महिनाभर घेऊन निवांत वर यायचं त्या तीन ते पाच दिवसांतच येऊन धडकतात, मग वर गर्दी होते, चट्टा उठतो, खपल्या धरतात, एवढाच काय तो प्रकार. पण ही झाली अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी मी सहसा सांगत नाही, ती अशी की रोग पसरत नसला तरी त्याच्यावरचं मलम भयंकर पसरतं. मोबाइल, रिमोट, चष्मा, दाराची कडी, लेकीची वही, घरात सगळ्यांना लागण होऊन गेलीये.

डॉक्टरांना एकदा काकुळतीला येऊन विचारलं की जरा कमी चिकट काही मिळेल का. तर म्हणाले मिळेल की, क्रीम आहे, लोशन आहे, जेल आहे, पण तुमच्या कोपरावरची कातडी एवढी जाड झालीये की तिथे ऑइंटमेंटच बरं, ते ओलावा धरून ठेवतं, खपली मऊ करतं आणि औषध आत जायला मदत करतं. म्हणजे जे सगळ्यात जास्त चिकटणार तेच सगळ्यात जास्त लागू पडणार! हा न्याय कुठला? मी मान डोलावली आणि ट्यूब घेऊन घरी आलो.

ट्यूबवर लिहिलेलं असतं, 'पातळ थर लावावा'. आता पातळ म्हणजे किती? माझं पातळ आणि बायकोचं पातळ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. यावर डॉक्टर लोकांनी एक माप काढलंय, तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची एक रेघ काढायची, ते साधारण अर्धा ग्रॅम भरतं आणि मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढ्या जागेला पुरतं. माप उत्तम आहे, तक्रार नाही. फक्त ते त्याच जागांसाठी आहे जिथे आपला स्वतःचा हात पोचतो. माझा सगळ्यात मोठा चट्टा कंबरेच्या वर, बरोबर मधोमध, वरून हात घातला तरी चार बोटं कमी पडतात आणि खालून घातला तरी चार बोटं कमी पडतात. मग बायकोला हाक मारावी लागते, आणि ती तिचं काम सोडून आलेली असल्यामुळे पेर-बीर काही न मोजता भिंतीला पुट्टी भरावी तसं एका हातात काम संपवते. वर विचारते, "अरे, अजून कुठे राहिलंय का? एकदाच सांग, मला परत हात धुवायचे नाहीयेत."

आणि लावून झालं की खरी परीक्षा सुरू होते. बसता येत नाही, टेकता येत नाही, शर्ट घालता येत नाही, पुस्तक हातात घेतलं तर पानं पारदर्शक होतात. हॉलच्या मधोमध दोन्ही कोपरं अंगापासून लांब धरून मी उभा असतो. नेमकी तेव्हाच बेल वाजते. कोणाची वाजते ते विचारू नका, कुरियरवाल्यांना माझं वेळापत्रक कोण कळवतं हा संशोधनाचा विषय आहे.

वेळापत्रकाचंही एक प्रकरणच आहे. एका ट्यूबमध्ये स्टेरॉइड, दुसरीत कॅल्सिपोट्रिऑल म्हणजे व्हिटॅमिन डीच्या जातीतलं औषध, तिसरीत खपल्या काढायला सॅलिसिलिक ॲसिड. यातल्या शेवटच्या दोघांचं पटत नाही. सॅलिसिलिक ॲसिड शेजारी आलं की कॅल्सिपोट्रिऑल निकामी होतं, म्हणून एकाला सकाळची वेळ आणि एकाला रात्रीची. घरात माणसांच्या इतक्या तऱ्हा सांभाळल्या, आता ट्यूबांच्या पण सांभाळा.

स्टेरॉइडबद्दल लोकांची मतं फार ठाम. काही जण ट्यूब बघूनच दचकतात, "स्टेरॉइड? बंद कर आधी!" आणि काही जण तीच ट्यूब पिंपल्सपासून डास चावण्यापर्यंत कशालाही चोपडतात, आणि हे दुसरे जास्त डेंजर. क्लोबेटासॉलसारखं जबरदस्त स्टेरॉइड सलग दोन आठवड्यांच्या वर आणि आठवड्याला पन्नास ग्रॅमच्या वर वापरायचं नसतं, चेहऱ्याला आणि जांघेत तर लांबच ठेवायचं, नाहीतर कातडी पातळ होते, रेघा उमटतात. आणि घाबरून एकदम बंद केलं तर चट्टे दुप्पट जोमाने परत येऊ शकतात. म्हणून डॉक्टरांनी मला उतरता क्रम लावून दिलाय, आधी रोज, मग फक्त शनिवार-रविवार. म्हणजे माझी सुट्टी असते तेव्हा मलमाची ड्यूटी असते. लोक वीकेंडला फिरायला जातात, मी हॉलमध्ये उभा असतो.

मधे कोलटारचा काळ येऊन गेला. टार आणि अल्ट्राव्हायोलेट प्रकाश ही जोडी 1925 पासूनची, गोकरमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांची. गुणकारी आहे, नाही म्हणत नाही, पण वास! पहिल्या रात्री लेक खोलीतून ओरडली, "बाबा, बाहेर रस्त्याचं काम सुरू झालंय का?" उशीच्या अभ्र्याला जे तपकिरी डाग पडले ते अजून आहेत.

तरी आमचं नशीब थोर की डिथ्रॅनॉल नावाचं सोरायसिसवरचं जुनं औषध वाट्याला आलं नाही. त्याचा पूर्वज म्हणजे गोवा पावडर, ब्राझीलमधल्या एका झाडाची पूड जी पोर्तुगीजांमुळे गोव्यात आली आणि तेच नाव घेऊन जगभर फिरली. पहिल्या महायुद्धात ती मिळेनाशी झाली तेव्हा 1916 साली जर्मनीत प्रयोगशाळेतच तिला पर्याय तयार केला गेला. ते हे डिथ्रॅनॉल. कातडीवर जांभळट-तपकिरी डाग, ते काही दिवसांनी जातात, कपड्यांवर पडले तर जातच नाहीत. तिकडे अख्खं जग लढतंय आणि इकडे कोणीतरी मान खाली घालून चादरी खराब करायचा नवा मार्ग शोधतंय, या चिकाटीला खरंच सलाम.

एक गोष्ट मात्र चेष्टेची नाही. पेट्रोलियम जेली, पॅराफिनवाली मॉइश्चरायझर्स कपड्यांत मुरत जातात आणि असा कपडा ठिणगी पडली तर चटकन पेट घेतो, धुऊनसुद्धा ते पूर्ण निघेलच असं नाही. म्हणून माझे 'मलमाचे' टीशर्ट वेगळे आहेत आणि ते घालून गॅसजवळ जायला मला सक्त मनाई आहे. या मनाईचा मी थोडा गैरफायदा घेतो, ते जाऊ दे.

मागच्या वेळी बायको हट्टाने डॉक्टरांकडे सोबत आली. त्यांनी चट्टे मोजले, म्हणजे मोजायची पद्धत अशी की पेशंटचा स्वतःचा पंजा बोटांसकट धरायचा, तो म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. माझे सगळे मिळून तीन-चार पंजे भरले. डॉक्टर म्हणाले, छान आहे, आटोक्यात आहे, आता इंजेक्शनं वगैरे पण निघालीयेत, पण... बायकोने पुढचं ऐकूनच घेतलं नाही. परिणाम किती, साइड इफेक्ट काय, काही नाही, सरळ विचारलं, "डॉक्टर, ते बेडशीटला लागतं का?"

"नाही, पण ते जास्त अंगभर असणाऱ्यांसाठी आहे. यांना एवढ्याशासाठी मलमच पुरे."

मी खरंतर खूश व्हायला हवं होतं आणि झालोही, पण बाहेर येईपर्यंत ती माझ्या पाठीकडे अशी बघत होती की अजून सहा-सात टक्के कुठून आणता येतील.