‘वीज शेवटी जमिनीतच जाते’? नाही, ती डीपीकडे परत जाते

शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर सारखा फिरत असतो. थोडक्यात असा (आखाडा म्हणजे शेतातली वस्ती): ‘आखाड्यावर न्यूट्रल नाही? काळजी नको. एक फेज घ्या, दुसरी तार अर्थिंगला जोडा. वीज शेवटी जमिनीतच जाते. अर्थिंगच्या तारेला शॉक नसतो, टेस्टर लावून बघा. खड्ड्यात मीठ-कोळसा घाला की झालं. मीटरही पडत नाही. परदेशात गावंच्या गावं एका तारेवर चालतात.’

मराठवाड्यात हा सल्ला पटकन पटतो, कारण पंपाच्या मोटरला तीन फेज पुरतात आणि कित्येक आखाड्यांवर न्यूट्रल (परतीची तार) पोचलेलाच नसतो. शिवाय बल्ब खरंच पेटतो. तो का पेटतो, तिथूनच सुरुवात करू.

‘वीज जमिनीतच जाते.’ पाणी मुरतं तशी वीज मुरत नाही. डीपीत, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, तिन्ही फेजच्या गुंडाळ्यांचं एकेक टोक एकत्र बांधलेलं असतं. तो जोड म्हणजे न्यूट्रल, आणि तो डीपीजवळच जमिनीला जोडलेला असतो. फेजचा करंट बल्बमधून तुमच्या अर्थिंगमध्ये उतरतो, मातीतून डीपीच्या अर्थिंगपर्यंत जातो आणि तिथून न्यूट्रलला मिळतो. (एसीमध्ये तो सेकंदाला 50 वेळा मागेपुढे होतो, पण वाट हीच.) म्हणजे परिपथ पूर्ण आहे, फक्त परतीच्या तारेच्या जागी तुमचं वावर आहे.

‘अर्थिंगच्या तारेला शॉक नसतो.’ सगळ्यात घातक वाक्य हेच. त्यामागे एक जुना गैरसमज आहे की बल्ब करंट खाऊन टाकतो आणि पुढे काही उरत नाही. नववीच्या विज्ञानात एकसर जोडणी शिकवतात, ती इथे लावा. बल्ब आणि जमीन एकसर जोडलेले आहेत, म्हणून दोन्हींतून करंट तेवढाच जातो. वाटणी होते ती व्होल्टची, ज्याच्या त्याच्या रोधाप्रमाणे (रोध म्हणजे करंटला होणारा अडथळा).

60 वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बचा रोध पेटलेला असताना सुमारे 880 ओहम असतो. जमिनीचा रोध 100 ओहम धरला, तर 230 व्होल्टपैकी जमिनीच्या वाट्याला साधारण 23 व्होल्ट येतात. टेस्टरमधला निऑन दिवा साधारण 60-70 व्होल्टच्या खाली पेटत नाही, म्हणून टेस्टर ‘काही नाही’ सांगतो आणि मजकूर खरा वाटतो. आता बल्ब काढून 1000 वॅटची कॉइलची शेगडी लावा. तिचा रोध 53 ओहम. जमिनीचा रोध अगदी 50 ओहम, म्हणजे आधीच्या निम्मा धरला तरी करंट 2.2 अँपिअर होतो आणि अर्थिंगच्या पाइपावर 112 व्होल्ट उभे राहतात. मोटरची बॉडी आणि स्टार्टरची पेटी बहुतेक त्याच पाइपाला जोडलेली असते. म्हणजे जी तार शॉकपासून वाचवायला टाकली, तिच्याच वाटेने 112 व्होल्ट मोटरच्या बॉडीवर येतात. पाइपाभोवतीच्या जमिनीतही व्होल्ट असतात. ते पहिल्या एक-दोन मीटरमध्ये झपाट्याने उतरतात, आणि गाय-म्हशीच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतरही साधारण तेवढंच असतं. माणसाच्या आधी जनावर दगावतं ते यामुळे.

त्याहून वाईट म्हणजे, गंजून किंवा नांगराचा फाळ लागून पाइपाची तार तुटली तर? बल्ब विझतो, करंट शून्य होतो, आणि तुटलेल्या टोकावर पूर्ण 230 व्होल्ट उभे राहतात. ओल्या पायाने ते टोक कुणी उचललं, तर अंगाचा रोध 1000 ओहम धरून त्या 60 वॅटच्या बल्बमधूनही किमान 0.12 अँपिअर अंगातून जातात. जीव वाचवण्यासाठी घरात बसवतात ती आरसीसीबी 0.03 अँपिअरलाच वीज तोडते, यावरून काय ते समजा.

मीठ-कोळशाने रोध कमी होतो, हे खरं आहे. पण ओल असेपर्यंतच. एप्रिल-मे महिन्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, मुरमाड जमीन त्याहून कोरडी, आणि रोध पुन्हा चढतो. मिठाने पाइप गंजतो तो वेगळाच.

‘मीटर पडत नाही.’ आताची इलेक्ट्रॉनिक मीटरं फेज आणि न्यूट्रल दोन्हींचा करंट बघतात आणि जो जास्त असेल त्यावर युनिट मोजतात. वरच्या शेगडीचा हिशेबच करा ना. मीटरमधून सुमारे 510 वॅट गेले, शेगडीला त्यातले 260 मिळाले, उरलेले 250 माती तापवण्यात गेले. बिल मात्र दोन्हींचं. मीटर चुकवायच्या हेतूने केलं असेल तर ती वीजचोरी आहे: वीज कायदा 2003, कलम 135, तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

परदेशातल्या एका तारेबद्दल मजकूर खोटं बोलत नाही, अर्धंच सांगतो. न्यूझीलंडमध्ये लॉइड मँडेनो यांनी 1925 च्या सुमारास ही पद्धत आणली आणि ऑस्ट्रेलियात ती दूरदूर पसरली. पण ती तार 12,700 किंवा 19,100 व्होल्टची असते. 19,100 व्होल्टवर 1000 वॅटला 0.05 अँपिअर पुरतात. मोजूनमापून केलेल्या 5 ओहमच्या अर्थिंगवर त्याने पाव व्होल्ट चढतो. तेच 1000 वॅट 230 व्होल्टवर ओढायला 4.3 अँपिअर लागतात. आणि तिथेही ग्राहकाच्या दारात ट्रान्सफॉर्मर असतो, त्यापुढे घरात दोन तारा आणि वेगळी अर्थिंग असते. तिथली जमीन उच्च दाबाच्या बाजूला वापरतात, शेगडीच्या बाजूला नाही.

आखाड्यावर उजेड हवा असेल तर महावितरणकडे अर्ज करून रीतसर जोडणी घ्या आणि परवानाधारक वायरमनकडून न्यूट्रल ओढून घ्या. एका दिव्यापुरतीच गरज असेल तर सोलरचा दिवा आणि बॅटरी बरी. आज कुणाचा बल्ब अर्थिंगवर चालत असेल तर आधी मेन स्विच पाडा, मगच त्या तारेला हात लावा. टेस्टर पेटला नाही तरी.